पिल्लू घरी आलं, आता पुढे? पहिल्या चार महिन्यांतले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याचं पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं असताना घरी येतं आणि सहा महिन्यांचं होईपर्यंत घरच्यांची झोप उडवतं. या काळात पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरीच उत्तरं एकमेकांत गुंतलेली असल्याने प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. चावतं, रडतं, घरात शू करतं या तीन तक्रारी सगळ्यांत जास्त येतात आणि पुष्कळदा तिन्हींचं कारण सारखंच निघतं: पिल्लाला झोप आलेली असते, भूक लागलेली असते किंवा शू लागलेली असते. म्हणून आधी घड्याळ बघा, मग पिल्लू.

१. पिल्लू किती आठवड्यांचं असताना घरी आणावं?

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी मस्ती करता करता चाव्याचा जोर आवरायला शिकतं. जोरात दात लागले की समोरचं पिल्लू केकाटतं आणि खेळ मोडतो. हा धडा माणसाला इतक्या सहज देता येत नाही.

पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू आधीच घरी आलं असेल तर त्याला उबदार जागा द्या आणि कोमट पाण्यात भिजवलेलं पपी फूड दिवसातून चार-पाच वेळा खायला घाला. लसी पूर्ण झालेला, पिल्लांना सांभाळून घेणारा मोठा कुत्रा ओळखीत असेल तर त्याचा सहवास मिळवून द्या. अशी पिल्लं चावण्याच्या बाबतीत जास्त वेळ घेतात (प्रश्न ७).

२. आणण्याआधी घरात काय तयार हवं?

एक क्रेट (दार असलेला जाळीचा पिंजरा) किंवा घडीचं कुंपण, दोन जड वाडगे, गळ्यात घालायचा हलका पट्टा, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), दीड-दोन मीटरची लीश (फिरवायची दोरी), चघळायला वेगवेगळ्या पोताच्या तीन-चार वस्तू आणि एन्झाइम असलेलं क्लीनर. आधीच्या ठिकाणी ते जे खात होतं तेच अन्न किमान आठवडाभराचं घेऊन ठेवा. आईचा वास असलेलं एखादं फडकं मिळालं तर जरूर मागून घ्या, पहिल्या रात्री ते महागड्या खेळण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. मऊ गादीची घाई करू नका. कापूस उपसून गिळला तर तो आतड्यात अडकतो, त्यामुळे सुरुवातीला जुनी चादर पुरे. जमिनीलगतच्या वायरी, औषधं, मोजे, मुलांची बारीक खेळणी आणि कचऱ्याचा डबा हे सगळं पिल्लू यायच्या आदल्या दिवशीच हलवा.

३. पिल्लू दिवसभर झोपून असतं. आजारी तर नाही ना?

दोन-तीन महिन्यांचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. झोपेत पाय हलणं, हुंकार देणं, ओठ थरथरणं हेही नेहमीचंच. जागं असताना ते खात-खेळत असेल तर काळजीचं कारण नाही.

खरी अडचण बहुतेक घरांत उलटी असते. घरात सतत कोणी ना कोणी पिल्लाला उचलत असतं, त्यामुळे त्याला पुरेशी झोपच मिळत नाही. एक तास जाग आणि दीड-दोन तास झोप असा क्रम लावून पाहा. दमलेलं पिल्लू आपणहून झोपायला जात नाही. उलट जास्त पळतं, पायजमा ओढतं, उगाच भुंकतं. असं दिसलं की त्याला शू करवून आणा आणि शांत, अंधाऱ्या जागी ठेवा.

४. बाहेर शू करायला कसं शिकवायचं? बाहेर नेलं की करत नाही, आत आलं की लगेच करतं.

यात हुशारीपेक्षा वेळापत्रक चालतं. उठल्याबरोबर, खाल्ल्यावर ५ ते २० मिनिटांत, खेळ रंगात आल्यावर आणि झोपण्याआधी त्याला न्यायचंच. याशिवाय आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाला जागं असताना दर ३० ते ४५ मिनिटांनी न्या. झोपेतून उठलेल्या पिल्लाला उचलूनच न्या, कारण चालत नेलं तर दारापर्यंत त्याला धीर धरवत नाही.

लीश लावून रोज त्याच जागी जा. तिथे गुपचूप उभे राहा, बोलू नका, खेळू नका. पाच मिनिटं द्या. शू सुरू झाली की एक ठरावीक शब्द हळूच म्हणा आणि संपताक्षणी, तिथेच, दोन सेकंदांच्या आत खाऊ द्या. घरात येऊन खाऊ दिला तर पिल्लू समजतं की बक्षीस घरात शिरल्याबद्दल आहे. खाऊनंतर दोन मिनिटं तिथेच खेळू द्या. शू केली की लगेच आत नेतात हे एकदा लक्षात आलं, की हुशार पिल्लू बाहेर राहायला मिळावं म्हणून शू धरून ठेवतं. प्रश्नातल्या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण.

दुसरं कारण असं की बाहेर वास, आवाज, माणसं इतकी असतात की त्याला शू लागल्याचंच भान राहत नाही, आणि आत शांत झाल्यावर आठवतं. पाच मिनिटांत काही झालं नाही तर आत आणून दहा मिनिटं मांडीवर किंवा क्रेटमध्ये ठेवा आणि पुन्हा न्या. मधल्या वेळात मोकळं सोडू नका.

घरात शू करताना दिसलं तर टाळी वाजवून लक्ष वेधा आणि उचलून बाहेर न्या. नंतर सापडली तर फक्त पुसा. नाक घासणं, ओरडणं, मारणं यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं आणि बाहेर तुमच्या देखत करायचंही टाळतं. जागा एन्झाइमच्या क्लीनरनेच धुवा. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास पिल्लाला लघवीसारखा वाटतो आणि ते तिथेच परत येतं.

किती वेळ धरू शकतं? ढोबळ हिशोब असा: वयाचे महिने अधिक एक, तितके तास. म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त चार तास, आणि तेही झोपेत. जागेपणी ही मर्यादा खूप कमी असते. चौथ्या-पाचव्या महिन्यात बहुतेक पिल्लं बऱ्यापैकी सावरतात. लहान चणीच्या जातींना जास्त वेळ लागतो. जमलेलं असताना पुन्हा बिघडलं तर प्रश्न १७ पाहा.

५. क्रेटमध्ये ठेवणं म्हणजे कोंडणं नाही का?

शिक्षा म्हणून ढकललं किंवा तासन्‌तास ठेवलं तर ते कोंडणंच आहे. नीट सवय लावली तर मात्र ती त्याची स्वतःची खोली होते. आकार इतका असावा की पिल्लाला उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं. त्याहून फार मोठा असला तर एका कोपऱ्यात शी आणि दुसऱ्यात झोप अशी विभागणी होते. वाढत्या पिल्लासाठी मोठा क्रेट घेऊन मध्ये जाळी लावता येते.

पहिले दोन-तीन दिवस दार उघडंच ठेवा आणि जेवण आत द्या. मग ते खात असताना दार लावा आणि खाणं संपायच्या आत उघडा. पुढे दहा सेकंद, मिनिट, पाच मिनिटं असं वाढवत न्या. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढा, तो जाळीत अडकू शकतो. काही पिल्लं क्रेटमध्ये खरोखर घाबरतात: लाळ गळते, धाप लागते, ती जाळी चावतात. अशांना कुंपण घातलेला कोपरा द्यावा, क्रेटचा हट्ट धरू नये.

६. रात्रभर रडतं. रडू द्यावं का?

नाही. ते जन्मात पहिल्यांदा एकटं झोपत असतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत क्रेट किंवा खोकं तुमच्या पलंगाला लागून ठेवा, इतकं जवळ की हात खाली सोडला तर त्याला वास येईल. यामुळे लाड होत नाहीत. पुढे दर दोन-तीन रात्रींनी क्रेट थोडा थोडा ठरलेल्या जागेकडे सरकवता येतो.

झोपायच्या तीन तास आधी शेवटचं खाणं, आणि झोपण्याआधी शेवटची शू. आठ आठवड्यांच्या पिल्लासाठी रात्री एक-दोन गजर लावाच. ते रडून उठायच्या आधी तुम्ही उठलात तर रडल्यावर दार उघडतं हे गणित त्याच्या डोक्यात बसत नाही. रात्री दिवा मंद ठेवा, बोलू नका, खेळू नका, शू झाली की परत आत. सलग चार-पाच रात्री गजराच्या वेळी ते गाढ झोपलेलं असेल तर गजर १५ मिनिटांनी पुढे ढकला. झोपलेलं पिल्लू अचानक जोरात केकाटलं, किंवा नेहमीपेक्षा वेगळं, तातडीचं रडलं तर बाहेर न्या. पोट बिघडलेलं असण्याचा संभव असतो.

७. सारखं चावतं. हात, पाय, कपडे, सगळं. आक्रमक होणार का?

तीन महिन्यांच्या पिल्लाचं खेळातलं चावणं आक्रमकता नसते. पिल्लू तोंडानेच जग तपासतं, आणि त्याचे दुधाचे दात सुईसारखे असल्याने लागतं फार. पहिल्यांदा बघायचं ते घड्याळ: तासाभरापेक्षा जास्त वेळ जागं आहे का? संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान जे पिसाळल्यासारखं वागणं दिसतं, ते बहुधा दमल्यामुळेच.

झोप झालेली असूनही चावत असेल तर हात झटकू नका. हलणारी वस्तू पकडायची त्याची ओढ त्याने वाढते. हात सैल सोडा आणि दुसऱ्या हाताने खेळणं तोंडापाशी हलवा. खेळणं पकडलं की त्यात जीव ओतून खेळा, कारण निर्जीव खेळण्यापेक्षा जिवंत हात केव्हाही जास्त मजेशीर. तरीही दात लागले तर न बोलता उठा आणि कुंपणाच्या पलीकडे जा. दहा ते तीस सेकंद पुरे. पाच मिनिटांनी परत आलात तर आपण का गेलो होतो हे ते विसरलेलं असतं.

केकाटून दाखवा हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. काही पिल्लं थांबतात, काही त्या आवाजाने आणखी चेकाळतात. दोनदा करून पाहा, उलटा परिणाम झाला तर सोडून द्या. तोंड दाबून धरणं, उताणं पाडून दाबणं, नाकावर मारणं मात्र पूर्ण बंद. हात तोंडाजवळ आला की धोका असं शिकलेला कुत्रा पुढे दात तपासायलाही तोंड उघडू देत नाही.

घरातल्या प्रत्येकाने एकाच पद्धतीने वागायला हवं. एक जण हाताने मस्ती करतो आणि बाकीचे रागावतात, अशा घरात हे महिनोन्‌महिने चालतं. दात येण्याच्या काळात चावणं पुन्हा वाढतं (प्रश्न ९). अन्नाजवळ किंवा खेळण्याजवळ अंग ताठ करून, डोळे रोखून गुरगुरणं ही वेगळी गोष्ट आहे, त्यासाठी प्रश्न १९.

८. किती वेळा आणि किती खायला द्यावं? दूध चालतं का?

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोन वेळा. पपी फूडच्या पाकिटावरचं प्रमाण पूर्ण दिवसाचं असतं. ते एका वेळचं समजून घालणं ही फार नेहमीची चूक आहे. ते ग्रॅममध्ये वजन करून घ्या आणि दर आठवड्याला पिल्लाचं वजन करा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना ठळक दिसता कामा नयेत. शिकवताना दिलेला खाऊही याच हिशोबात धरा.

आईचं दूध सुटल्यावर पिल्लाला दुधाची गरज उरत नाही, आणि दुधातली साखर न पचल्याने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी लार्ज ब्रीड पपी असं लिहिलेलं अन्न घ्या. त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. वरून कॅल्शियमची पावडर किंवा गोळ्या दिल्या तर हाडं मजबूत होण्याऐवजी त्यांची वाढ बिघडते. घरी शिजवलेलं अन्न द्यायचं असेल तर ते अंदाजाने करू नका, पशुवैद्याकडून वयानुसार पाककृती घ्या.

९. दात पडला आणि हिरडीतून रक्त आलं. काय करू?

काही नाही. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. ते साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. पडलेले दात पिल्लू बहुधा गिळून टाकतं. ओलं करून गोठवलेलं फडकं चघळायला दिलं तर हिरड्यांना आराम पडतो, फक्त त्याचे तुकडे होत नाहीत ना ते बघत बसा. चघळण्याची वस्तू नखाने दाबली असता किंचित दबली पाहिजे. हाडं आणि शिंगं इतकी कडक असतात की दातच तडकतो. पक्का सुळा आला तरी शेजारचा दुधाचा सुळा पडला नसेल, एकाच जागी दोन सुळे दिसत असतील, तर पशुवैद्याला दाखवा. छोट्या जातींत हे बऱ्याचदा आढळतं.

१०. एकच लस इतक्या वेळा का द्यायची?

आईकडून पिल्लाला काही प्रतिपिंडं मिळतात. ती असेपर्यंत पिल्लाचं रक्षण करतात, पण लसीलाही निकामी करतात. ती नेमकी कधी संपतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं, एका वेतातसुद्धा. म्हणून डिस्टेंपर, अ‍ॅडेनोव्हायरस आणि पार्व्हो या विषाणूंच्या आजारांवरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी देतात आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर येईल असं बघतात. दोन डोस झाले म्हणून बाराव्या आठवड्यात थांबणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. त्यानंतर सहा महिन्यांच्या सुमारास किंवा वर्षाने आणखी एक डोस असतो. रेबीजची लस सहसा १२ आठवड्यांनंतर देतात, तिचं वेळापत्रक स्थानिक नियमांवर ठरतं. लेप्टोस्पायरोसिसची लस तुमच्या भागात हवी का हे डॉक्टरांना विचारा.

लसीनंतर दिवसभर सुस्ती, टोचलेल्या जागी छोटी गाठ हे चालतं. तोंड सुजणं, अंगभर गांध्या, वारंवार उलट्या, कोसळणं यांपैकी काही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

११. लसी पूर्ण होईपर्यंत घराबाहेर न्यायचंच नाही का?

इथे दोन खऱ्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात. पार्व्हो जीवघेणा आहे, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. आणि जगाची ओळख करून घ्यायची पिल्लाची वेळ साधारण तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतच असते, म्हणजे लसी पूर्ण व्हायच्या आतच ती सरते. अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी केलेल्या प्रयोगातून दिसलं होतं की १४ आठवडे माणसांशिवाय वाढलेली पिल्लं पुढे माणसांना घाबरूनच राहतात.

म्हणून उत्तर असं: घराबाहेर न्या, पण अनोळखी कुत्री जिथे शी-शू करतात अशा जमिनीवर उतरवू नका. पिल्लाला कडेवर, पिशवीत किंवा गाडीत बसवून रहदारी, शाळा सुटतानाची गर्दी, सायकली, छत्र्या, काठी घेऊन चालणारी माणसं दाखवा. निरोगी, लसी झालेल्या कुत्र्यांच्या घरी न्या. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच भूमिका मांडली की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला स्वच्छ जागी भरणाऱ्या पिल्लांच्या वर्गाला नेता येतं. अट एवढीच की लसींचा पहिला संच आणि जंताचं पहिलं औषध त्याआधी किमान सात दिवस झालेलं हवं.

ओळख म्हणजे गर्दीत सोडणं नव्हे. दिवसाला एक-दोन नव्या गोष्टी, पाच-दहा मिनिटं, आणि प्रत्येक वेळी खाऊ. शेपूट पायात, सारखी जांभई, ओठ चाटणं, खाऊ नाकारणं ही घाबरल्याची खूण. अशा वेळी जवळ नेऊ नका, अंतर वाढवा. घाबरलेल्या पिल्लाला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, खुशाल घ्या. आठ ते दहा आठवड्यांच्या सुमारास काही दिवस पिल्लू एकदम भित्रं होतं, त्या दिवसांत नव्या गोष्टी कमी करा.

घरात आधी पार्व्होचा कुत्रा होऊन गेला असेल तर नियम कडक आहेत. फरशी आधी साबणाने धुवा, कारण घाणीत ब्लीच निकामी होतं. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि ३० भाग पाणी हे मिश्रण दहा मिनिटं ओलं राहू द्या. माती आणि गालिचे याने शुद्ध होत नाहीत, त्यामुळे वर्षभर तरी लसी पूर्ण झालेलाच कुत्रा आणणं शहाणपणाचं.

१२. शीत जंत दिसत नाहीत, तरी औषध द्यायचं?

हो. गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लात शिरतात आणि अंकुशकृमी दुधातून येतात. त्यामुळे स्वच्छ घरातलं पिल्लूही यातून सुटत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला औषध देणं ही रूढ पद्धत. मात्रा वजनावर ठरते, म्हणून त्याच दिवशी वजन करा. हे जंत माणसालाही होतात, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांना, त्यामुळे शी लगेच उचला. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे कण दिसले तर ते फीतकृमी. ते पिसवा गिळल्याने होतात, म्हणून पिसवांवर उपाय केल्याशिवाय ते जात नाहीत. पिसवांचं औषध पिल्लाच्या वयाला आणि वजनाला चालतं का ते पाकिटावर वाचा, मोठ्या कुत्र्याचं औषध अर्धं करून घालू नका.

१३. घरातलं काय विषारी आहे?

चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, कांदा-लसूण, मॅकाडेमिया, मद्य, यीस्ट घातलेलं कच्चं पीठ, आणि बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये असणारं झायलिटॉल. औषधांत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. रोपांत कण्हेर आणि सायकस. शिवाय उंदरांचं औषध. काही गिळल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट बघू नका. पाकीट, गिळलेलं अंदाजे प्रमाण आणि पिल्लाचं वजन हाताशी ठेवून डॉक्टरांना फोन करा. मीठ पाजून उलटी काढायचा प्रयत्न तर मुळीच नको, मिठानेच विषबाधा होते.

१४. जुलाब झाले आहेत. घरीच थांबू की डॉक्टरकडे जाऊ?

पिल्लू खेळतंय, खातंय, पाणी पितंय आणि शी फक्त पातळ झाली असेल, तर बहुधा अन्न बदललं किंवा जास्त झालं. दिवसभर लक्ष ठेवा, पाणी भरपूर द्या, पण उपाशी ठेवू नका. अन्न बदलायचंच असेल तर सात दिवस घ्या: दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण.

रक्त, सोबत उलट्या, मलूल पडणं, पाणी न पिणं यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. लसी अपुऱ्या असतील तर एवढीही वाट बघू नका. निरोगी पिल्लाचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. माणसांचं जुलाब थांबवायचं औषध मनाने देऊ नका. लोपरामाइड कोलीसारख्या काही जातींना घातक ठरतं.

अगदी छोट्या जातींच्या पिल्लांत आणखी एक धोका असतो. चार-सहा तास पोटात काही नसलं तरी रक्तातली साखर घसरते. पिल्लू थरथरतं, झोकांड्या खातं, गळून पडतं. हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोज चोळा आणि ताबडतोब निघा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका.

१५. एकटं ठेवलं की आकांत करतं. कामावर कसं जाऊ?

एकटं राहणं हे शिकवावं लागतं, आणि ते पहिल्या आठवड्यापासून सेकंदांत शिकवायचं. झोपेला आलेल्या, शू करून आलेल्या पिल्लाला चघळायला काही द्या, कुंपणाच्या पलीकडे जा आणि ते अस्वस्थ व्हायच्या आत परत या. पाच सेकंद, वीस सेकंद, एक मिनिट. मध्येमध्ये मुद्दाम सोपं करा, नुसतं वाढवत गेलात तर पिल्लू तुमच्यावर नजर ठेवून बसतं. चपला घालणं, किल्ल्या उचलणं असं करून घरातच बसा, म्हणजे त्या आवाजाचा अर्थ पुसला जातो.

तोपर्यंत पूर्ण दिवस एकटं ठेवायचं नाही. रजा, घरच्यांच्या पाळ्या, शेजारी, सांभाळणारी व्यक्ती यांची जुळवाजुळव पिल्लू आणण्याआधी करा. तीन महिन्यांच्या पिल्लाला आठ तास एकटं ठेवणं प्रश्न ४ मधल्या हिशोबानेच अशक्य आहे.

१६. किती फिरवावं? जिने चढू द्यावेत का?

वयाच्या प्रत्येक महिन्यामागे पाच मिनिटं हा नियम सगळीकडे सांगतात. तो ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे, मोजमाप म्हणून नाही. स्वतःच्या मनाने पळणं, थांबणं, हुंगणं याने नुकसान होत नाही. नुकसान होतं ते आपल्या वेगाने ओढत पळवण्याने, उंचावरून उड्या मारायला लावण्याने आणि गुळगुळीत फरशीवर वारंवार घसरण्याने, कारण हाडांच्या टोकांची वाढ मोठ्या जातींत वर्ष-दीड वर्ष चालू असते. तीन महिन्यांपर्यंत जिन्यावर उचलून न्या, नंतर धरून, सावकाश. हार्नेस आणि अंगामध्ये दोन बोटं जावीत. दर आठवड्याला माप तपासा.

१७. महिनाभर एकदाही घरात शू केली नव्हती, आता पुन्हा करतं. मुद्दाम करतं का?

मुद्दाम, सूड म्हणून कुत्रा शू करत नाही. कारण शोधावं लागतं. थोडी थोडी, वारंवार, जोर लावून होत असेल किंवा झोपेत गळत असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, माद्यांत जास्त. सकाळची लघवी स्वच्छ डबीत धरून डॉक्टरांकडे न्या. पाहुणे आले की, किंवा तुम्ही वाकलात की होत असेल तर ती उत्साहाची किंवा भीतीची शू. ती आपोआप होते. रागावल्याने वाढते. पिल्लाकडे न बघता आत या, बाजूला वळून खाली बसा, पहिली भेट बाहेर होऊ द्या. वयाबरोबर बहुतेकांची जाते. पाच-सहा महिन्यांच्या नराने उभ्या वस्तूवर थोडीशी उडवली तर ती हद्द आखणं. यांपैकी काहीच नसेल तर तुम्ही सवलती लवकर दिल्या. दोन आठवडे पुन्हा प्रश्न ४ मधल्या वेळापत्रकावर या.

१८. स्वतःची शी खातं. काय कमी पडतंय?

बहुधा काहीच नाही. बऱ्याच पिल्लांना ही सवय असते आणि ती मोठेपणी सुटते. ओरडत धावलात तर पिल्लू पुढच्या वेळी तुम्ही पोहोचण्याआधी घाईने गिळतं. शी करताना लीशवर ठेवा, संपताच खाऊ दाखवून बाजूला बोलवा, मग उचला. वजन वाढत नसेल, शी तेलकट किंवा सतत पातळ असेल तर मात्र जंत आणि पचनाची तपासणी करून घ्या.

१९. वाडग्याजवळ गेलं की गुरगुरतं. वाडगा काढून घेऊन धाक बसवावा का?

अजिबात नाही. माणूस जवळ आला की अन्न जातं, हीच त्याची भीती आहे, आणि वाडगा काढून तुम्ही ती खरी करता. ते खात असताना लांबून जाता जाता त्याच्या जेवणापेक्षा चविष्ट तुकडा वाडग्यात टाका आणि पुढे चालू लागा. तुम्हाला बघून ते ताठ होण्याऐवजी शेपूट हलवून वर बघू लागलं की एक पाऊल जवळून जा. तोंडातली वस्तू हवी असेल तर बदल्यात दुसरं काही द्या. गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नका, ती त्याची आधी दिलेली सूचना आहे. शिक्षेने सूचना बंद होते, चावा राहतो. घरात लहान मूल असेल किंवा चावा बसला असेल, तर हे घरी करत न बसता वर्तनाचं काम करणाऱ्या पशुवैद्याला गाठा.

२०. खेळताना दात लागून रक्त आलं. पिल्लाची रेबीजची लस अजून झालेली नाही.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. मिनिटं मोजून, कारण माणसं एकदोन मिनिटांतच थांबतात. मग जंतुनाशक लावा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना विचारा. लस घ्यायची की नाही हे पिल्लू कुठून आलं आणि तुमच्या भागात रेबीज आहे का यावर ठरतं, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. छोटंसं पिल्लू आहे, घरातलंच आहे, म्हणून सोडून देऊ नका. लक्षणं दिसल्यावर रेबीजवर खात्रीचा उपचार नाही.

२१. हौसेने आणलं, आता रोज रडू येतं. आमचं चुकलं का?

ही भावना खूप जणांना येते आणि तिची लाज वाटून लोक गप्प बसतात. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. त्यात या अवस्थेच्या तीन बाजू दिसल्या: चिंता, वैताग आणि थकवा. बहुतेकांच्या बाबतीत ती काही आठवड्यांत ओसरते.

तोवर सगळ्यांत आधी झोप वाचवा. रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या, एक रात्र तुम्ही, एक रात्र दुसरं कोणी. पिल्लू झोपतं तेव्हा घर आवरू नका, आडवे व्हा. रोज निदान तासभर पिल्लाशिवाय बाहेर पडा. या आठवड्यात फक्त शू आणि झोप सांभाळायची, बसणं-उठणं-हात देणं नंतर शिकवता येतं. दोन आठवडे झाले तरी जेवण-झोप बिघडलेलीच असेल किंवा पिल्लावर हात उगारला जात असेल, तर स्वतःसाठी डॉक्टरांशी बोला. आणि सगळं करूनही जमत नसेल, तर चांगलं घर शोधून वेळेत सोपवणं हा पिल्लाशी केलेला दगा नाही. चार महिन्यांचं पिल्लू नव्या घरात सहज रुळतं, दोन वर्षं कोपऱ्यात बांधलेला कुत्रा रुळायला फार वेळ लागतो.

२२. घरात आधीचा मोठा कुत्रा आहे. तो पिल्लावर गुरगुरतो.

पहिली भेट घराबाहेर, सैल लीशवर, चालता चालता करवा. मोठ्या कुत्र्याचं एखादं गुरगुरणं किंवा हवेत दात वाजवणं हे पिल्लाला मर्यादा दाखवणं असतं. पिल्लू मागे हटलं आणि मोठा लगेच शांत झाला तर मध्ये पडू नका. तो पिल्लाच्या मागे लागत असेल किंवा दाबून धरत असेल तर वेगळं करा. वाडगे, अंथरुणं आणि चघळण्याच्या वस्तू वेगळ्या ठेवा. मोठ्याला पिल्लू पोहोचणार नाही अशी जागा द्या. म्हातारा, सांधे दुखणारा कुत्रा असेल तर दोघांना एकत्र ठेवण्याची वेळ दिवसातून काही थोडे तासच असू द्या.

२३. एकाच वेतातली दोन पिल्लं आणली तर एकमेकांना सोबत होईल ना?

सोबत होते, पण काम दुपटीहून जास्त वाढतं. दोघं एकमेकांत इतकी गुंततात की माणसाकडे लक्ष देत नाहीत, आणि एकाला दवाखान्यात नेलं तर दुसरं कासावीस होतं. आणलीच असतील तर पहिल्या दिवसापासून दोन क्रेट, सुरुवातीला शेजारी आणि हळूहळू दूर. रोज प्रत्येकाला वेगळं फिरवणं, वेगळं शिकवणं, वेगळं भरवणं. शूच्या वेळी दोघांना वेगवेगळी न्या, नाहीतर एक करतं आणि दुसरं खेळत राहून आत आल्यावर करतं. दोघांत एक दबकं असेल तर प्रश्न ११ मधल्या भेटी त्याला एकट्यालाच घडवा, कारण भावंडाच्या आडोशाने दाखवलेला धीटपणा ते एकटं असताना टिकत नाही. एवढा वेळ देणारी दोन माणसं घरात नसतील तर दुसरं पिल्लू पहिलं दीड-दोन वर्षांचं झाल्यावर आणा.